उचललेली जिप्सी पुन्हा मूळ उंचीवर आणताना

मारुतीची जिप्सी उचलणं, म्हणजे तिची उंची वाढवणं, हे एका रविवारचं काम. लांब शॅकल (पाट्याचं, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, एक टोक चेसीला जोडणारा झुलता दुवा), चार जाड टायर, आणि संध्याकाळी घाटात फोटो. तीच गाडी खाली आणायला मला तीन रविवार लागले. त्यातला एक निव्वळ माझ्या गाढवपणात गेला, त्याबद्दल पुढे सांगतोच.

माझी गाडी २००९ सालची जिप्सी किंग. आधीच्या मालकानं उचललेली आणि आयुष्यभर कोकणात राहिलेली, म्हणजे बोल्टाला पाना लावण्याआधी हात जोडावेत अशी. पंधरा वर्षं भरत आली आणि पुनर्नोंदणीचा प्रश्न उभा राहिला. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग नमुना २५ भरून गाडी आरटीओत दाखवावी लागते आणि पुढे दर ५ वर्षांनी हेच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही यावर स्पष्ट निकाल दिला. पासिंगला उचललेली गाडी नेऊन साहेबांशी हुज्जत घालणारे मित्र मला आहेत. मला त्यात रस नव्हता. शिवाय हायवेला ८० च्या पुढे स्टिअरिंग असं पोहायचं, की बायकोनं पुढच्या सीटवर बसणं सोडलं होतं.

कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गाडी उचलली की तिच्यात काही ना काही बिघडतं: स्टिअरिंगचा कोन, प्रॉपेलर शाफ्टची (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याची) लांबी, ब्रेकचा होज (रबरी नळी), शॉकअपची पोच. उचलणारा त्यावर एकेक औषध करत जातो. इथे पाचर घाल, तिथे स्पेसर (जागा भरणारी चकती) टाक, लांब होज बसव. गाडी मूळ उंचीवर आली की हीच औषधं रोग होतात. त्यामुळे पाटे बदलणं हे निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं म्हणजे ही औषधं एकेक करून हुडकणं.

गाडी उचलली कशी, ते आधी शोधा

जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग एक्सल (दोन्ही चाकं जोडणारा अखंड आस) आणि चारही बाजूंना पाटे. मूळ रचनेत पाटे एक्सलच्या खालून जातात, हे लक्षात ठेवा. म्हणूनच जिप्सीत एक्सल आणि पाट्यामध्ये ठोकळा घातला तर गाडी वर जात नाही, खाली बसते. इतर जीप-पिकअपवाले ठोकळ्यानं गाडी उचलतात ते त्यांचे पाटे एक्सलवर असतात म्हणून.

तर जिप्सी उचलायच्या वाटा चार. पहिली, लांब शॅकल. शॅकल जितकं लांब केलं त्याच्या निम्मीच उंची मिळते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. दोन इंच लांब शॅकल म्हणजे एक इंच उचल. दुसरी, पाट्यांना जास्त कमान मारून घेणं किंवा थरात एक पाटा वाढवणं. तिसरी, पाटे एक्सलच्या वर घेणं. हे खरं मोठं ऑपरेशन, त्यात गाडी एकदम पाचेक इंच वर जाते. चौथी वाट सस्पेन्शनची नाहीच: चेसी आणि बॉडीच्या मध्ये जाड ठोकळे घालून नुसती बॉडी उचलायची. पाटे बदलून काहीच फरक पडला नाही अशी तक्रार करणारे बहुधा हे ठोकळे बघायला विसरलेले असतात.

टॉर्च घेऊन गाडीखाली आडवे व्हा आणि बघा. पाटा एक्सलच्या वर की खाली? यू-बोल्टच्या (पाटा एक्सलला आवळणाऱ्या यू आकाराच्या बोल्टच्या) नटांची तोंडं कुठे? मूळ जिप्सीत ती खाली, पाट्याखालच्या प्लेटला असतात. थरातला एखादा पाटा वेगळ्या रंगाचा, कमी गंजलेला दिसतो का? तो नंतर वाढवलेला. एक्सलच्या बैठकीत आणि पाट्यात लोखंडाची निमुळती पाचर आहे का? प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजमध्ये (जोडाच्या तबकडीत) जाड चकती आहे का? जे दिसेल त्याचा मोबाइलवर फोटो काढा. जोडताना हे फोटो लागतात.

मोजायचं कुठून

जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका, त्यात टायर येतो. चाकाच्या हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरा. टायर कुठलाही असो, हा आकडा सस्पेन्शनचीच उंची सांगतो. गाडी सपाट फरशीवर, टाकी अर्धी, आत सामान नाही, टायरमध्ये हवा सारखी. चारही चाकांचे आकडे दरवाज्याच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून त्यावर लिहा. वहीत लिहिलेलं काम चालू असताना सापडत नाही.

मूळ उंचीचा आकडा कुठून आणायचा? एखादी न छेडलेली जिप्सी गाठा आणि तिलाच टेप लावा. सॉफ्ट-टॉप असेल तर सॉफ्ट-टॉपशीच तुलना करा. हार्ड-टॉपचं छप्पर मागच्या पाट्यांना दाबतं. पुस्तकातला २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा मूळ टायरवरचा आहे, सस्पेन्शन तपासायला तो फारसा कामाचा नाही.

माझ्या गाडीचे आकडे मित्राच्या गाडीशेजारी मांडले तेव्हा पुढे ५० आणि मागे ७० मिमी जास्त निघाले. मागे एक पाटा वाढवलेला होता, चारही शॅकल लांब होते, आणि पुढच्या एक्सलला पाचरी. पाटे एक्सलखालीच होते, एवढी देवाची कृपा.

सामान

पाट्यांचा निर्णय आधी घ्या. नुसता एक पाटा वाढवलेला असेल आणि बाकीचे मूळ पाटे ठीक असतील, तर तो काढून नवा सेंटर बोल्ट (पाट्यांचा थर एकत्र धरणारा) टाकला की भागतं. पण सगळ्या थराला कमान मारून घेतली असेल, तर तीच कमान पुन्हा ठोकून उतरवण्याच्या भानगडीत पडू नका. पाटेवाले करून देतात, स्वस्तही पडतं. पण दोनदा ठोकलेलं पोलाद दोन्ही बाजूंना सारखं बसत नाही, आणि सहा महिन्यांत गाडी एका खांद्यावर झुकते. त्यापेक्षा दुसरा संच बघा. मुंबईवाल्यांना कुर्ल्याचा जुन्या पार्ट्सचा बाजार आहे, पुण्यात नव्या सामानाला नाना पेठ. जुने पाटे घेताना डावा-उजवा शेजारी शेजारी जमिनीवर उलटे ठेवून कमानीची उंची मोजा. दोघांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पुढचं दुकान. मुख्य पाट्याच्या डोळ्याजवळ (टोकाच्या गोल भोकाजवळ) केसासारखी चीर आहे का ते रॉकेलनं पुसून बघा.

यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसाच आवळला जात नाही, आणि जुना निघताना बहुधा कापावाच लागतो. मूळ मापाचे शॅकल, सगळे रबरी बुश (पाट्याच्या डोळ्यात बसणारी रबरी नळकांडी), सेंटर बोल्ट, मूळ लांबीचे चार शॉकअप, गरज पडली तर मूळ मापाचे ब्रेक होज आणि स्प्लिट पिना. हत्यारांत रिंग पाने, गोटी पाना आणि लांब दांडा, टॉर्क पाना, पहार, ग्राइंडर, एक ट्रॉली जॅक, एक छोटा बाटली जॅक आणि चार मजबूत स्टँड. टॉर्कचे (नट किती जोरानं आवळायचा त्याचे) आकडे जिप्सीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून काढून भिंतीवर चिकटवा. ‘हाताला कळतं’ म्हणणाऱ्या माणसाचं यू-बोल्टच्या बाबतीत ऐकू नका, मग तो कितीही जुना मिस्त्री असो.

आधी गंज

काम रविवारी करायचं असेल तर बुधवारपासून रोज रात्री प्रत्येक बोल्टावर गंज सोडवणारं तेल मारा. कोकणातल्या गाडीत खरी अडचण नटाची नसते. शॅकलची पिन बुशाच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव होते. नट निघतो, पिन जागची हलत नाही, आणि जोर लावला की रबरासकट गोल फिरत राहते. अशा वेळी हातोडा टाकून द्या आणि ग्राइंडरनं शॅकलची पट्टी आणि पाट्याचा डोळा यांच्यामधल्या फटीतून पिन कापा. शॅकल तसंही फेकायचंच आहे.

एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या. मागच्या शॅकलच्या जवळच पेट्रोलची टाकी आहे. तिथे गॅस कटर नाही म्हणजे नाही. ग्राइंडरच्या ठिणग्या टाकीच्या उलट्या दिशेला उडतील असा धरा, मध्ये ओलं गोणपाट टांगा, आणि बादलीभर वाळू हाताशी ठेवा.

मागची बाजू

मागून सुरुवात करा, तिथे स्टिअरिंगची भानगड नसते. पुढच्या चाकांच्या दोन्ही अंगांना लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेकवर विसंबू नका. मागची चाकं हवेत गेल्यावर तो काय धरणार? चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा.

मागचा एक्सल ट्रॉली जॅकनं उचला, पाट्याच्या पुढच्या हँगरच्या (शॅकल नसलेल्या टोकाचा चेसीवरचा जोड) जरा पुढे चेसीखाली दोन स्टँड लावा आणि जॅक हळूहळू खाली सोडा. गाडी स्टँडवर बसली की तिला खांद्यानं एक जोरदार धक्का द्या. हलली तर आत्ताच हलू दे, तुम्ही खाली असताना नको. जॅक काढून घेऊ नका, एक्सलला नुसता टेकलेला ठेवा. एक्सल लोंबताना ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, ते याच वेळी पाहा.

आता एका वेळी एकच बाजू. दोन्हीकडचे यू-बोल्ट एकदम सोडले तर एक्सल जॅकवर गोल फिरतो, प्रॉपेलर शाफ्ट वाकडा ओढला जातो, आणि पुढचे दोन तास त्याला जागेवर आणण्यात जातात.

शॉकअपचा खालचा बोल्ट काढा. यू-बोल्टचे नट सोडा किंवा कापा. प्लेट निघाली की एक्सल जॅकनं दोन बोटं वर घ्या, म्हणजे सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकातून सुटेल. मग शॅकल, आणि शेवटी हँगरचा बोल्ट. बोल्ट अडकतोय असं वाटलं तर घण मारण्याआधी जॅक एक सूत वर, एक सूत खाली करून बघा. पाट्याचा भार उतरला की तोच बोल्ट बोटांनी फिरतो. ती जागा सापडली की काम संपल्यात जमा. पाटा काढताना दुसरा माणूस हवाच. तो जड असतो आणि नेमका तोंडाच्या दिशेनं येतो.

वाढवलेला पाटा काढून जुनाच थर वापरणार असाल, तर सेंटर बोल्ट सोडण्याआधी थराला दोन्ही बाजूंनी सी-क्लॅम्प घट्ट लावा. पाट्यांच्या कमानी वेगवेगळ्या असल्यानं थर आतून ताणलेला असतो. नुसता नट सोडला तर शेवटच्या दोन आट्यांवर तो उसळतो. क्लॅम्प लावा आणि वरून वाकून बघू नका. थर सुटाच आहे तर प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशनं घासून मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावा. नंतर कुरकुर होत नाही.

पाटा काढण्याआधी त्यावर खडूनं पुढच्या दिशेला बाण काढा. सेंटर बोल्ट नेहमी बरोबर मध्यावर असतोच असं नाही. पाटा उलटा बसला तर एक्सल पुढे किंवा मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. मग अलाइनमेंटवाला दोन तास डोकं खाजवत बसतो.

बसवताना नवे बुश साबणाच्या पाण्यानं ओले करून सरकवा. रबराला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, फुगून फाटतं. आधी हँगरचं टोक, मग शॅकल, दोन्ही बोल्ट फक्त हातानं फिरवून. मग एक्सल हळू खाली आणत सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात बसवा. बाटली जॅक पाट्याखाली धरला तर हे एकट्यालाही जमतं. डोकं भोकात बसलं की ‘टक’ असा आवाज येतो. तो आला नाही तर यू-बोल्टला हात लावू नका. डोकं कडेवर राहून यू-बोल्ट आवळले तर पहिल्या खड्ड्यात एक्सल जागा सोडतो.

यू-बोल्टचे चार नट तिरकस जोडीनं, तीन फेऱ्यांत आवळा: एक फेरी हलकी, दुसरी निम्म्या टॉर्कवर, तिसरी पूर्ण. प्लेटखाली चारही आटे सारखे बाहेर आले पाहिजेत.

शॅकल आणि हँगरचे नट इथे आवळायचे नाहीत. इथेच माझा रविवार गेला.

तो वाया गेलेला रविवार

पहिल्या खेपेला मी सगळं कसं व्यवस्थित, गाडी स्टँडवर असतानाच टॉर्क पान्यानं आवळून टाकलं होतं. चाकं लावली, गाडी खाली घेतली, टेप लावला. मागे अजून २५ मिमी वर. पाटे मूळ, शॅकल मूळ, मग गाडी वर कशी? आधी वाटलं पाटे चुकीचे आणले. दुकानदाराला फोन करून नाही नाही ते बोललो. सोमवारी गाडी चालवली तर प्रत्येक गतिरोधकावर रबर पिळल्यासारखा आवाज.

शेजारच्या गॅरेजातल्या वयस्कर मिस्त्रींनी खाली न वाकताच विचारलं, “गाडी हवेत असताना आवळलंत ना?”

“हो. का?”

“अहो, रबर लोंबत्या पाट्यावर चिकटून बसलं. आता ते पाट्याला खाली यायला देईना.”

बुशाचं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या डोळ्याला घट्ट धरून असतं आणि मधल्या मध्ये पिळलं जातं. ज्या स्थितीत नट आवळला तीच रबराची विसाव्याची स्थिती. पाटा पूर्ण लोंबलेला असताना आवळला, की गाडी जमिनीवर आल्यावर आठही डोळ्यांची रबरं पिळलेली राहतात, गाडीला वर ढकलत राहतात आणि वर्षभरात फाटतात.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे गाडी चाकांवर उभी ठेवून शॅकल-हँगरचे सगळे नट अर्धा फेरा सैल केले. मागच्या उजव्या शॅकलचा नट सैल होताच ‘कच्’ असा आवाज झाला आणि गाडीचा तो कोपरा माझ्या डोळ्यांसमोर बोटभर खाली बसला. मग मागचा बंपर धरून चारपाच वेळा गाडी हलवली, जिथे बसली तिथे बसू दिली, आणि तिथेच नट आवळले. टेप लावला: मित्राच्या गाडीपेक्षा ६ मिमी जास्त. नव्या बुशांवर एवढं चालतं, महिनाभरात बसतं. दुकानदाराला पुन्हा फोन केला, या वेळी माफी मागायला.

थोडक्यात, यू-बोल्ट हवेत आवळायचे, शॅकल आणि हँगर जमिनीवर. गाडीखाली जायला जागा नसेल तर चारही चाकं सारख्या उंचीच्या भक्कम लाकडी फळ्यांवर चढवा.

पुढची बाजू

क्रम तोच, पण तीन गोष्टी वेगळ्या. स्टँड पुढच्या पाट्याच्या मागच्या हँगरमागे चेसीखाली, कारण जिप्सीत पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला असतात. लांब शॅकलनं स्टिअरिंग का पोहतं, तेही यातच आहे. शॅकल लांब झालं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, त्याबरोबर एक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक वळण्याच्या अक्षाचा मागचा कल, कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा केला तर हात सोडून चालवता येईल का? तसंच.

पाचरी याचंच औषध म्हणून घातलेल्या असतात. मूळ शॅकल बसवल्यावर कॅस्टर आपोआप परत येतो, त्यामुळे पाचरी काढल्याच पाहिजेत. राहिल्या तर कॅस्टर गरजेपेक्षा वाढतो, स्टिअरिंग जड होतं आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (टोकाचा वळणारा सांधा) तिरका पडून फोर-व्हीलमध्ये घरघर करतो. पाचर काढल्यावर सेंटर बोल्टही मूळ लांबीचा टाका. लांब राहिलेलं डोकं बैठकीत पूर्ण बसत नाही.

ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंग बॉक्स चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा) कोन बदलल्यानं गाडी खाली आली की स्टिअरिंगचं चाक वाकडं उभं राहतं. घाबरू नका, ते ड्रॅग लिंकच्या लांबीनं सरळ होतं. चाक उपटून दुसऱ्या दातावर बसवण्याचा शॉर्टकट करू नका. स्टिअरिंग बॉक्स मध्यावर राहत नाही.

पाटे एक्सलवर घेतले असतील तर

इथे मी स्पष्टच बोलतो. एक्सलवर नव्या बैठका वेल्ड केल्या असतील आणि खालच्या मूळ बैठका शाबूत असतील, तरच हे काम आपण करण्यासारखं आहे. नव्या बैठका ग्राइंडरनं काढा, एक्सलची नळी सपाट करा, रंग मारा, पाटे खाली घ्या. मूळ बैठका कापून टाकल्या असतील, तर त्या पुन्हा वेल्ड करताना पिनियनचा (प्रॉपेलर शाफ्ट जिथे एक्सलला जोडतो त्या गिअरचा) कोन अंशाअंशानं सांभाळावा लागतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं नळी वाकते. असं असेल तर मूळ एक्सलचं जुनं हाउसिंग शोधून आतलं सगळं त्यात हलवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

अशा गाडीत ड्रॅग लिंकही झेडच्या आकाराची वाकवलेली असते. ती काढून मूळ सरळ लिंक लावा. मूळ उंचीला वाकडी लिंक ठेवली तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपणहून फिरतं.

राहिलेली औषधं

शॉकअप सर्वांत आधी. उचललेल्या गाडीचे लांब शॉकअप खाली आलेल्या गाडीत अर्धे दाबलेलेच बसतात. मोठा खड्डा आला की पाट्याआधी शॉकअप तळाला आपटतो आणि त्याची बैठक चेसीपासून फाटते. ‘नवे आहेत, राहू दे’ हा मोह पुष्कळांना होतो, मलाही झाला होता.

प्रॉपेलर शाफ्ट. जिप्सीत ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी असते, म्हणून शाफ्ट तीन. मधल्या आखूड शाफ्टला उंचीशी देणंघेणं नाही. पुढचा आणि मागचा तपासा. फ्लँजमध्ये स्पेसर राहिला किंवा शाफ्ट लांब करून घेतलेला असला, तर पाटा दबताना स्प्लाइन (शाफ्टचा सरकता दातेरी जोड) पूर्ण आत जाऊन आपटते, आणि तो मार थेट ट्रान्सफर केसच्या बेअरिंगला बसतो. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर एका रेषेत छिन्नीची खूण करा आणि तशीच जोडा, नाहीतर थरथर सुरू होते.

ब्रेकचे लांब होज लोंबून टायरला घासतात. स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून आणि गाडी दाबून बघा. होज बदलले तर ब्रेकमधली हवा काढणं आलंच.

मागच्या एक्सलला भारानुसार ब्रेक वाटणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याची काडी जरूर बघा. उचललेल्या गाडीत एक्सल चेसीपासून लांब जातो, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. त्यावर औषध म्हणून कोणीतरी काडी वाकवलेली किंवा लांबवलेली असते. गाडी खाली आली की त्याच व्हॉल्व्हला गाडी कायम भरलेली वाटते, आणि पावसात ब्रेक दाबला की मागची चाकं आधी जाम होतात.

लांब बंप रबरं (एक्सल चेसीवर आपटू न देणारी) काढून मूळ बसवा. हेडलाइटही भिंतीसमोर गाडी उभी करून पुन्हा लावून घ्या. पुढे-मागे सारखी उंची उतरलेली नसते. पुढे लोखंडी गार्ड असेल तर तोही आत्ताच उतरवा. एक तर डिसेंबर २०१७ पासून केंद्रानं राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे, आणि दुसरं, मूळ पाटे त्या वजनासाठी नाहीत.

टायर

माझ्या गाडीला २३५/७५ आर १५ होते. मूळ २०५/७० आर १५. हिशोब केला तर मोठ्या टायरचा व्यास ७३३ मिमी, मूळचा ६६८. म्हणजे नुसत्या टायरनं गाडी ३२-३३ मिमी वर, आणि स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी खरी ६६ च्या आसपास. मूळ उंचीला मोठे टायर ठेवले तर पूर्ण वळणावर ते पाट्याला आणि मडगार्डला घासतात. सस्पेन्शन उतरवलं तर टायरही उतरवा. जुनी मोठ्या टायरची जिप्सी विकत घेणाऱ्यांनी किलोमीटरचा आकडाही याच हिशोबानं वाचावा. ती दाखवते त्यापेक्षा जास्त पळालेली असते.

अलाइनमेंट आणि चाचणी

सलग एक्सलला कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल), कॅस्टर लावायचे स्क्रू नसतात. लावायचा असतो तो फक्त टो-इन (चाकांची पुढची टोकं किती आत वळलेली), तोही टाय रॉडनं, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यानं. मशीनवर कॅस्टर डाव्या-उजव्या बाजूला वेगळा दिसला तर पाटा, पाचर किंवा सेंटर बोल्टात चूक आहे. परत गाडीखाली जा.

पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर ३० च्या वेगात, काच खाली करून. मग ५०, मग जोरदार ब्रेक. थांबल्यावर चारही हबना हात लावून बघा. १०० किलोमीटरवर सगळे यू-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासा. माझ्या आठपैकी तीन पाव फेरा फिरले. ५०० वर पुन्हा.

थार किंवा जिम्नीवाल्यांसाठी थोडंसं. जुन्या थारच्या (२०२० पूर्वीच्या) सीआरडीई मॉडेलला मागे पाटे आहेत, पण पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा). तिथे उंची बारच्या अॅडजस्टर बोल्टानं पिळून वाढवलेली असते. पुढची चाकं हवेत घेऊन दोन्हीकडचे फेरे मोजत सोडा, आणि नंतर अलाइनमेंट चुकवू नका, कारण तिथे उंचीबरोबर कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात. नव्या थारला आणि जिम्नीला कॉइल स्प्रिंग. स्पेसर काढायला जिथे स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो, ते काम दोऱ्या-साखळ्यांनी घरी करू नका. जिम्नीत एक्सल आडवा धरणारा रॉड बघा. उचलताना तो लांबी बदलता येणारा बसवला असेल तर मूळ लांबीवर आणा, नाहीतर एक्सल एका बाजूला सरकलेला राहतो.

माझी गाडी महिन्याभरानं पुन्हा मोजली. ते जास्तीचे ६ मिमी बसून गेले होते. हायवेला स्टिअरिंग आता दोन बोटांनी धरता येतं, आणि पुढची सीट पुन्हा भरली आहे. दरवाज्याच्या आत चिकटवलेला आकड्यांचा कागद अजून काढलेला नाही. कापलेले शॅकल भंगारात गेले. वाढवलेले पाटे मात्र गोणपाटात बांधून माळ्यावर आहेत. एकानं विकत मागितले होते. त्याला म्हटलं, आधी तुझी गाडी मोजून आण.